नापास डॉक्टरीण

कुंडलच्या विजयमालेला लोक डॉक्टरीणबाई म्हणायला लागले, तेव्हा तिनं मेडिकल कॉलेजचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. चौऱ्याहत्तर साल होतं. इंटर सायन्सला तिला भरघोस मार्क पडले, सांगलीकडच्या मेडिकल कॉलेजात नंबर लागला, आणि दुसऱ्याच दिवशी दुधाच्या डेअरीवर एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढं जीभ काढून दाखवली. "बघ की गं पोरी, पांढरी कशानं झालीया?" सगळे हसले. तीही हसली.

तिचे वडील लालासाहेब पलटणीतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात आठ एकर ऊस, थोरला मुलगा पलटणीतच. कमी बोलायचे, आणि बोलले तरी हुकूम दिल्यासारखं. पण लेकीला एसटीवर पोचवायला निघाले त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "पोरीला डॉक्टरकीला सोडाय निघालोय." स्टँडवर हार झाले, नारळ झाले. शेजारच्या कोंडीबाची बायको बयाबाई गर्दीच्या मागं उभी होती. विजयमालेपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी पोरबाळ नव्हतं. दोघी रोज एकाच विहिरीवर पाण्याला जायच्या. गाडी सुटताना बयाबाई खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी कायतरी शिकून ये गं."

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात विजयमालेच्या लक्षात आलं, की शाळेत पहिली येणं ही गोष्ट इथं कुणी विचारतही नाही. इथं सगळेच पहिले आलेले. पुण्याचे, सांगलीचे, कोल्हापूरचे. लेक्चर इंग्रजीतनं, आणि तेही इतक्या भराभर, की ती एक शब्द पकडेपर्यंत सरांची चार वाक्यं पुढं गेलेली असायची. मराठी शाळेत शिकलेल्या तिला इंग्रजी वाचता येत होतं, पण ऐकता येत नव्हतं. बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मराठीतही पंचाईत. तिच्याकडच्या बायकापोरी स्वतःविषयी बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतात. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी ती "मी अंघोळ करून येतो" म्हणाली आणि पुण्याच्या दोन मुली खिदळल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, पण त्या दिवसापासून विजयमाला तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून घ्यायला लागली. आणि तपासेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची.

तिच्या खोलीत शरयू नावाची मुलगी होती. वाईची. वडील तिथल्या शाळेत संस्कृत शिकवायचे, सकाळी घाटावर पूजा सांगायचे. शरयू मनानं चांगली. डबा वाटून खाणारी, आजारी पडलं तर उशाशी बसणारी. पण तिला सगळं इतकं सहज जमायचं, की तिच्याजवळ बसून अभ्यास करणं विजयमालेला जड जायला लागलं. शरयू एकदा वाचायची, पुस्तक मिटायची आणि हातवारे करत स्वतःलाच समजावून सांगायची. विजयमाला तेच पान पंधरा वेळा वाचायची आणि शेवटी पाठ करून टाकायची. अर्थ कळो ना कळो, स्वल्पविरामासकट पाठ. पाठांतर तिचं दांडगं होतं. त्याच्याच जोरावर ती इथवर आली होती.

शवविच्छेदनाचा हॉल तिला पहिले दोन महिने सोसवला नाही. प्रेतं टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत चढायचा, बोटांना चिकटून हॉस्टेलवर यायचा, जेवणाच्या ताटात उतरायचा. पण त्या वासाचीही सवय झाली. सवय झाली नाही ती प्रश्नांची. टेबलाभोवती आठदहा जण उभे असायचे. शिकवणारे सर चिमट्यानं एखादी पांढरी दोरीसारखी नस उचलून विचारायचे, "ही कोणती? कुठून आली? कुठं जाते?" बाकीच्यांच्या तोंडून उत्तरं यायची. विजयमाला मागं सरकून कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहायची. तिला ते वाक्य येत असायचं, पुस्तकातल्या कितव्या ओळीत आहे तेही दिसत असायचं. पण ती ओळ आणि ही समोरची ओली, पांढरी दोरी एकच आहे, हे तिला उमजायचं नाही. आणि "सर, मला कळलं नाही" हे चार शब्द तिनं दीड वर्षात एकदाही उच्चारले नाहीत. ते उच्चारले तर आपण इथं चुकून शिरलोय हे सगळ्यांना कळेल आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, बाळ, तुझी जागा ही नव्हे.

एका तोंडी परीक्षेत तिच्या हातात मांडीचं हाड दिलं. उजव्या पायाचं का डाव्या, एवढंच सांगायचं होतं. हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण समोरच्या मॅडमनी भुवया उचलल्या आणि विजयमालेला सगळं चुकीचं वाटायला लागलं. ती हाड हातात फिरवत राहिली. मॅडम थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "ठीक आहे, बसा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजानं ती हॉस्टेलवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली, आणि शरयूनं विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय."

सुट्टीत कुंडलला गेलं, की मात्र वेगळंच जग. ती आली हे कळलं, की घराच्या पुढच्या सोप्यात माणसं जमायची. कुणाचा गुडघा, कुणाची खरूज, कुणाच्या नातवाचा कान. आई अंबूबाई चहाचं आधण ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आवं, जरा दम खाऊ द्या की डॉक्टरीणबाईस्नी!" विजयमाला सांगायची, मी अजून काही शिकलो न्हाई. कुणाला पटायचं नाही. मग ती काहीबाही सांगायची. पाणी उकळून प्या, गरम पाण्यानं शेका, पालेभाज्या खा. त्यानं कुणाचं वाईट होण्यासारखं नव्हतं. खरं तर त्या सोप्यात बसलं, की तिला बरं वाटायचं. वर्षभरात तिच्याकडं कुणी असं मान वर करून बघितलेलं नसायचं. तिथनं कॉलेजात परतायला एसटीत बसणं दर सुट्टीगणिक जड व्हायला लागलं.

शहात्तरच्या जानेवारीत पहिली मोठी परीक्षा झाली. शरीरक्रियाशास्त्र म्हणजे फिजिऑलॉजीचा पेपर बरा गेला. ॲनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनेच्या, तोंडीला दोन परीक्षक बसले होते. एकानं विचारलं, तिनं पाठ केलेलं घडाघडा म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं आणि समोरच्या तबकातल्या कापलेल्या अवयवाकडं बोट दाखवून म्हणाले, "आता हे यात दाखवा." तिला दाखवता आलं नाही. पुढं काय झालं ते तिला नंतर नीट आठवायचंही नाही.

महिन्याभरानं निकाल लागला. फिजिऑलॉजीत पास, ॲनाटॉमीत नापास. शरयू पहिल्या पाचात आली. ती विजयमालेच्या गळ्यात पडून रडली, आणि विजयमालाच तिला समजावत राहिली, "असू दे गं, असू दे." पास झालेले सगळे पांढरे कोट शिवायला टाकायला गेले, आता त्यांना वॉर्डात जायचं होतं. नापास झालेल्यांनी सहा महिन्यांनी परत बसायचं, खालच्या वर्गातल्या पोरांबरोबर.

विजयमालेनं पिशवी भरली आणि घरी आली. आईनं विचारलं, "अशी मधीच कशी गं आलीस?"

"सुट्टी लागलीया," ती म्हणाली.

"पास झालीस न्हवं?"

"व्हय."

तो 'व्हय' तिच्या तोंडातनं इतका सरळ निघाला, की तिचं तिलाच भय वाटलं. आईनं लगेच गल्लीत साखर वाटली. लालासाहेब उसाच्या तोडीवर होते. संध्याकाळी आले, ऐकलं आणि पागोट्याचं टोक सारखं करत बाहेर गेले. ते कशाला गेले हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना चार माणसांत बसायचं होतं.

पुढचे चारपाच दिवस विजयमाला घराबाहेर पडली नाही. कसं सांगायचं याचाच विचार. सकाळी ठरवायची, की दुपारी सांगू. दुपारी आबा, म्हणजे लालासाहेब, जेवायला यायचे, भाकरी मोडायचे, तिच्याकडं बघून नुसते मान हलवायचे, आणि तिचा धीर सुटायचा. एकदोनदा मनात आलं, इथंच राहावं. आई चुलते आकारामांशी स्थळाविषयी बोलत होती. कारखान्यातला कारकून मुलगा होता. 'हो' म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. लग्न ठरलं म्हणून शिक्षण सोडलं, असं झालं असतं. त्यात लाज नव्हती.

एक दिवस दुपारी कोंडीबा पळत आला. चपला नव्हत्या पायात. "डॉक्टरीणबाई, जरा घरला चला. आमच्या हिचं पोट लय दुखतंय. दोनदा घेरी आली."

विजयमालेला नाही म्हणता आलं नाही. ती गेली. बयाबाई ओसरीवर घोंगड्यावर पडली होती. बाया जमलेल्या. उशाशी तानुबाई सुईण तेलाची वाटी निखाऱ्यावर धरून बसलेली. "पोट सरकलंय," ती म्हणाली. "आत्ता चोळून जागंवर आणतो."

विजयमालेनं वाकून बयाबाईचा चेहरा बघितला. ओठ चुन्यासारखे. कपाळावर थंड घाम. तिनं मनगट धरलं. नाडी धाग्यासारखी बारीक, आणि इतकी जोरात पळत होती, की मोजता येईना.

"कुठं दुखतंय, वैनी?"

"हिकडं, बेंबीच्या खाली... आन् खांदा गं. हा खांदा लय ठणकतोय."

"खांद्याचं काय घिऊन बसलीस," तानुबाई म्हणाली. "लाकडाची मोळी उचलली आसंल."

पण विजयमाला त्या खांद्याशीच अडली. पोटात दुखतंय आणि खांदा ठणकतोय. श्वासाच्या पडद्याला जाणारी नस मानेतनं निघते, आणि मानेतनंच खांद्याची कातडीही आपली नस घेते. हे तिनं इंग्रजीत तोंडपाठ केलं होतं, आकड्यांसकट, आणि एकदाही त्याचा अर्थ लागला नव्हता. आता ते वाक्य तिच्यापुढं घोंगड्यावर पडलं होतं. पोटात काहीतरी साचलंय आणि ते वर पडद्याला लागतंय. काय साचलंय? ही पांढरीफटक पडलीय. रक्त? रक्त कुठनं येईल?

तिला माहीत नव्हतं. वॉर्डात तिनं पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. आणि लगोलग तो ओळखीचा आवाज आतनं उठला. तुला काय कळतंय? त्याच विषयात नापास झालीस की. तुझ्या नादानं हिला हलवलं आणि वाटेत काही झालं तर? तानुबाईनं शेकडो बाळंतपणं केलीत. गप बस. म्हण, चोळा, आणि घरी जा.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. गोंधळ ऐकून लालासाहेबही शेतातनं येऊन दारात उभे राहिले होते.

"चोळू नगा," विजयमाला म्हणाली. "हात लावू नगा पोटाला. हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या."

"काय झालंय तिला?" कोंडीबानं विचारलं.

"मला न्हाई कळत."

"आगं, तू डॉक्टरीण न्हवं? तुला कळना तर..."

"मी न्हाई डॉक्टरीण." ती उठून उभी राहिली. "मी नापास झालोय. घरात खोटं सांगितलं. मला हिचं काय झालंय ते सांगता येत न्हाई, पर हे पोट सरकल्याचं न्हाई. आतल्या आत रक्त चाललंय असं मला वाटतंय. माझं चुकत असंल तर सांगलीत मला चार शिव्या द्या, पर हिला न्या!"

तानुबाईनं वाटी खाली ठेवली. विजयमालेनं दाराकडं बघितलं नाही. तिकडं बघायची तिची ताकदच नव्हती. मग तिला वडिलांचा आवाज ऐकू आला, पलटणीतल्यासारखा. "नानासो! ट्रक मोकळा कर!"

घरामागच्याच उसाच्या फडात कारखान्याचा ट्रक भरायला लागला होता. ड्रायव्हर नानासोनं आणि ऊस तोडणाऱ्यांनी चढवलेल्या मोळ्या खाली ढकलल्या, वर उसाचं पाचट पसरलं, घोंगडी घातली, आणि बयाबाईला चौघांनी उचलून चढवलं. कोंडीबा बसला, लालासाहेब बसले. विजयमालेनं बयाबाईचे पाय उंच ठेवायला लावले आणि स्वतः तिचं मनगट धरून बसली. ट्रक पलूसवरनं सांगलीच्या रस्त्याला लागला. वाटेत दोनदा तिला वाटलं, नाडी गेली. दोनदा ती परत लागली.

दवाखान्यात बयाबाईला लगेच आत घेतलं. रक्त पाहिजे म्हणाले. कोंडीबा घाबरून भिंतीला टेकला. लालासाहेबांनी बाही वर केली. दैवानं रक्तगट जुळला. संध्याकाळी सर्जन बाहेर आले. वयस्क, दमलेले. म्हणाले, गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता, नळी फुटली. पोट रक्तानं भरलं होतं. बाई वाचेल, पण अर्ध्या तासाचाही उशीर परवडला नसता.

"पोटाला मालिश वगैरे केली नाही ना?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "हिनं करू दिली न्हाई."

सर्जननी विजयमालेकडं बघितलं. "कोणत्या वर्षाला?"

"फर्स्ट एमबीबीएस. नापास," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "सहा महिन्यांनी परीक्षा असते. बसा." आणि पुढच्या पेशंटकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर लालासाहेब चहाचा कप हातात धरून बसले होते. विजयमाला दोन पायऱ्या खाली. ते म्हणाले, "मी चार माणसांत सांगितलं, पोरगी पास झाली म्हणून."

"व्हय आबा."

"नापास झालीस त्याचं मला काय न्हाई. पलटणीत मीबी दोनदा परीक्षेत पडलोय. पर तू घरात हुतीस, माझ्यासंगं जेवत हुतीस, आन् मला ठाव न्हवतं." ते थांबले. "मला सांगायला तुला भ्या वाटलं?"

ते उठले आणि कप परत द्यायला गेले.

बयाबाई वाचली म्हणून गावानं विजयमालेला डोक्यावर घेतलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. साखर वाटलेली होती, तिचा हिशोब गल्लीनं मनात ठेवला होता. विहिरीवर ती आली, की बाया बोलणं तोडायच्या. एकीनं मुद्दाम ऐकू येईल असं म्हटलं, "नापास डॉक्टरीण." ते नाव पोरांनी उचललं. अंबूबाई आठवडाभर बाहेर पडली नाही, आणि घरात भांडी आपटत राहिली. आकारामांनी कारकुनाच्या स्थळाचा विषय परत काढला. "झालं एवढं शिक्षण बास झालं. अजून वेळ गेली न्हाई."

आणि विजयमालेलाही तेच पटत होतं. बयाबाईचं बरोबर निघालं हा निव्वळ योग, असं तिला वाटायचं. उद्या चुकलं असतं तर? एका वाक्याचा अर्थ लागला. अशी हजार वाक्यं उरली होती. ती वडिलांना म्हणाली, "मला परत न्हाई जायचं, आबा. माझ्यानं न्हाई हुनार." लालासाहेब पागोटं घालून उसाकडं निघून गेले.

बयाबाईला घरी आणलं तेव्हा विजयमाला दोन दिवस तिच्याकडं जायचं टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी बयाबाईनंच बोलावणं धाडलं. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले. आभार वगैरे काही नाही. पदराचा काठ चुरगाळत ती म्हणाली, "मला दोन म्हैनं गेलेलं. कुणालाच सांगितलं न्हाई."

"कोंडीबादादालाबी न्हाई?"

"न्हाई. इतक्या वर्सांनी राहिलं, आन् मोडलं तर लोकं काय म्हणतील म्हणून. पोटात दुखायचं अधनंमधनं. तू आल्याचं कळलं तवा वाटलं, तुला इचारावं. दोनदा तुमच्या दारापतुर आलो." तिचा आवाज भरून आला. "पर म्हटलं, शिकलेली पोरगी. काय खुळ्यागत इचारतीस म्हणून हसंल. तसाच माघारी आलो."

बयाबाई रडत होती, आपल्या गेलेल्या पोरासाठी, आणि विजयमाला तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. दोघी एकाच भिंतीच्या अलीकडंपलीकडं, चारपाच दिवस. ही दारापर्यंत येऊन परत गेलेली, आणि आपण आत दार लावून बसलेलो. दीड वर्ष कॉलेजातल्या त्या टेबलाभोवती आपण दुसरं काय केलं, हे तिला त्या बसल्या जागी कळलं. कळलं म्हणून बरं वाटलं असं नाही. ती घरी आली आणि वडील हौदावर हातपाय धूत होते तिथं जाऊन म्हणाली, "मी जातो परत. पास हुईन असं सांगत न्हाई."

"मग कशाला जातीस?" लालासाहेबांनी विचारलं.

"न कळलेलं इचाराय."

लालासाहेबांनी तोंडावर पाणी मारलं. "जा," ते म्हणाले.

ते सहा महिने सोपे गेले नाहीत. शरयू आणि बाकीच्या पांढरे कोट घालून सकाळी वॉर्डात निघायच्या, आणि विजयमाला खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर त्याच फॉर्मॅलिनच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी तिनं सरांना थांबवलं. "सर, मला हे कळलं नाही. परत सांगाल का?" सरांनी चिमटा तिच्याच हातात दिला. बाकीची पोरं कुजबुजली. एक हसला. ती तरीही उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. कधी तीन तीनदा तेच विचारायची. असं विचारल्यावर सगळं चटकन समजायचं असंही नाही. काही दिवस ती हॉस्टेलवर येऊन रडायची आणि पिशवी भरायला काढायची. शरयूनं एकदा तिला भरलेली पिशवी रिकामी करताना पाहिलं; तीही कपडे घडी करायला बसली.

मग विजयमालेनं एक केलं. पुस्तकातलं इंग्रजी पाठ करणं थांबवलं. समोरचं हाड हातात घ्यायची आणि आधी स्वतःच्या बोलीत सांगायची, मोठ्यानं, शरयूसमोर. "ही नस हितनं निघती, ह्या खोबणीतनं खाली उतरती, आन् ह्या स्नायूला जाती." मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शरयू ऐकायची आणि चुकलं तर टोकायची. एकदा शरयूच म्हणाली, "मला हे इतकं स्पष्ट नव्हतं गं." विजयमालेला ते खरं वाटलं नाही, पण तिनं ते नाकारलंही नाही.

ऑगस्टात पाऊस लागून राहिला होता. तोंडी परीक्षेला परीक्षक तेच होते, तबक तेच. पहिल्या प्रश्नालाच ती पूर्वीसारखी अडली. कानाच्या आतल्या रचनेचं काहीतरी होतं. तिला आठवेना. जुनी विजयमाला असती तर ती गप्प राहिली असती, हाड फिरवत, आणि परीक्षकांनी हळू आवाजात बसा म्हटलं असतं. तिनं श्वास घेतला.

"सर, आय डोन्ट नो धिस."

परीक्षकांनी चष्म्यावरनं पाहिलं. "बरं. मग काय येतं?"

"विचारा, सर," ती म्हणाली. मराठीत निघून गेलं. परीक्षक जरासे हसले आणि त्यांनी कापलेल्या हाताचा कोपराखालचा भाग तिच्याकडं सरकवला. तिनं चिमटा उचलला. एक एक नस उचलून ती सांगत गेली. दोन चुकल्या. बाकीच्या बरोबर होत्या.

ती पास झाली, काठावर. घरी गेली तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "खरं सांगतीस न्हवं?" अंबूबाईनं हे चेष्टेत म्हटलं नव्हतं, आणि विजयमालेला ते लागलं. या वेळी साखर वाटली नाही. लालासाहेबांनी कुणाला जाऊन सांगितलंही नाही.

पुढच्या वर्षांतही तिला कधी पहिला वर्ग मिळाला नाही. प्रत्येक परीक्षेआधी तो आवाज उठायचा, तुझी जागा ही नव्हे, आणि ती त्याला घेऊनच परीक्षेला बसायची. शरयू सुवर्णपदक घेऊन मुंबईला पुढं शिकायला गेली. बयाबाईला पुन्हा दिवस गेले नाहीत. कोंडीबानं भावाचा मुलगा दत्तक घेतला, पण बयाबाई त्याला कधी मोकळेपणानं हाक मारायची नाही. विजयमाला गावी आली, की दोघी विहिरीवर बसायच्या.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती डॉक्टर झाली आणि जिल्ह्याच्या पूर्वेच्या दुष्काळी भागातल्या एका आरोग्य केंद्रावर शिकाऊ म्हणून रुजू झाली. तिथं मेंढरं राखणाऱ्या बायका मैलोन् मैल चालत यायच्या. केंद्रावरचे मोठे डॉक्टर आठवड्यातनं दोनच दिवस असायचे. बाकीचे दिवस ती एकटी. पहिल्या सकाळी तिनं दार उघडलं तेव्हा ओट्यावर पंचवीसेक माणसं बसली होती. ती आत गेली, घोटभर पाणी प्यायली, बाहेर आली आणि सगळ्यात जवळ बसलेल्या म्हातारीपुढं जमिनीवरच बसली.

"काय हुतंय, आज्जी? सगळं सांगा. न लाजता सांगा."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळू आवाजात सांगायला लागली.